नोव्हेंबरातल्या चकत्या

मेंग यॉन्सुकचं कुणाशी पटलंय, असं सुवॉनच्या त्या प्रयोगशाळेत कुणी कधी पाहिलं नाही. कोपऱ्यावरच्या नूडलवालीशी तिचं पटत नसे, वसतिगृहाच्या रखवालदाराशी पटत नसे, आणि भांडायला माणूसच मिळाला नाही तर ती व्हॅक्यूम पंपाला शिव्या घाले. राग नाकावर घेऊनच ती हेनामहून आली होती. हेनाम म्हणजे देशाचं अगदी खालचं टोक. तिथं समुद्राचा वारा आणि नजर जाईल तिथवर कोबी. बाप लवकर गेला. आईनं दुसऱ्यांच्या शेतातले कोबीचे गड्डे कापून पोरीला वाढवलं, आणि वाढवताना एकही गोड शब्द वाया जाऊ दिला नाही.

शाळा संपल्यावर यॉन्सुक सुवॉनजवळच्या एका कारखान्यात लागली. तिथं कॅमेऱ्यांचे डोळे बनत, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या बारीक चकत्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यातली खराब चकती बाजूला काढायची, हे तिचं काम. ऐन तारुण्य त्यात गेलं. खराब माल ओळखण्यात ती इतकी तयार झाली, की माणसांकडेही त्याच नजरेनं बघू लागली. पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. अंधूक उजेड आला की सिलिकॉनचे हे महागडे डोळे आंधळे का होतात? याचं उत्तर कारखान्यात कुणी देईना, म्हणून तिनं संध्याकाळचं कॉलेज केलं, आणि तिशी उलटल्यावर प्रोफेसर क्वाक यांच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेटला नाव घातलं.

क्वाकसरांकडे जे चालायचं ती आंधळ्या-पांगळ्याची जोडी होती. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूएवढ्या जाडीचा पडदा. त्याच्या अंगावरून विजेचे कण सुसाट पळतात, पण प्रकाश मात्र आरपार निघून जातो. त्याला दिसत म्हणून नाही. पेरोव्हस्काइट हे शिसं आणि आयोडीनचं स्फटिक. ते प्रकाश अधाशासारखं गिळतं, पण त्यातून निघालेले कण जागच्या जागी अडखळतात. पांगळ्याला आंधळ्याच्या खांद्यावर बसवायचं, म्हणजे ग्राफीनवर पेरोव्हस्काइटचा बारीक थर द्यायचा, की काजव्याएवढा उजेडही टिपणारा डिटेक्टर तयार. बोलायला सोपं. हे पेरोव्हस्काइट मुळात तेरड्याचं फूल. जरा ओल लागली की काळ्याचं पिवळं होतं आणि मेहनत मातीत जाते.

प्रयोगशाळेचा मुकादम होता प्यो सांगजिन. यॉन्सुकहून वयानं चांगलाच लहान, पण प्रयोगशाळेत तिच्या आधी आलेला. खरा पेच इथंच होता. आधी आलेल्याला मान द्यायचा ही तिथली रीत, आणि वयानं मोठ्याला मान द्यायचा हीही रीतच. तो तिला ‘तू’ म्हणे, आणि ती त्याला ‘तुम्ही’ म्हणे ते असं, की त्यापेक्षा शिवी परवडली असती. सगळे मिळून डुकराचं मांस भाजायला हॉटेलात बसले की धाकट्यानं थोरल्यासमोर मान बाजूला वळवून सोजूचा, म्हणजे तिथल्या दारूचा, घोट घ्यायचा असतो. या दोघांतला धाकटा कोण, हेच ठरत नसल्यानं दोघंही भरलेला पेला समोर ठेवून एकमेकांकडे टक लावून बसत. बाकीचे गुमान जेवत.

“कानामागून आली आणि तिखट झाली,” सांगजिन तिच्यादेखत इतरांना सांगायचा. “दहा वर्षं कारखान्यात माल पारखला, आता आम्हाला पारखते.”

“पारखायला काय लागतं?” ती म्हणायची. “खराब चकती दुरूनसुद्धा ओळखू येते.”

त्या नोव्हेंबरात आईचा फोन आला. मनगट मोडलं होतं, प्लास्टर होतं. हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस. कोबी दारात येऊन पडला होता. “शेजारणी काय स्वतःचं सोडून माझं करतील? दोन दिवस ये,” आई म्हणाली. तिनं आजवर लेकीला कधी ‘ये’ म्हटलं नव्हतं.

“जमणार नाही,” यॉन्सुक म्हणाली. “सरांच्या घरी जायचंय.”

“कशाला?”

“किमची घालायला.”

आई म्हणाली, “बरं,” आणि फोन ठेवला.

दरवर्षी क्वाकसरांच्या घरची किमची विद्यार्थीच घालत. या म्हणून कुणी बोलावत नसे; सरांच्या पत्नी फक्त कोबी कधी येणार तेवढं सांगत, आणि जो गेला नाही त्याचा प्रबंध सरांच्या टेबलावर वाचायचा राहून जाई. त्या वर्षीही सगळे ओळीनं अंगणात बसले, गड्डे चिरले, मिठात लोळवले, लसूण ठेचला, लाल मसाला पानापानात चोळला. यॉन्सुकच्या हाताला मिठानं भेगा पडल्या. बाई हातात कॉफीचा कप घेऊन मागून फिरत होत्या. “मेंगच्या हाताला वळण आहे हं. हेनामची ना? रक्तातच असतं.”

यॉन्सुकनं मान खाली घातली. आईचा कोबी आता अंगणात पडून सडत असेल, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती चकत्यांच्या कामाला लागली. तयार चकत्या थंड जागी मुरायला ठेवाव्या लागत. त्यासाठी प्रयोगशाळेनं सरकारी निधीतून एक किमची-फ्रिज घेतला होता. चकत्या वरच्या खणात राहत, खालचा खण मुकादमाच्या ताब्यात. यात हसण्यासारखं काही नाही. किमची बिघडू नये म्हणून तो फ्रिज थंडावा जसा एकसारखा धरतो, तसा शास्त्रीय उपकरणंही धरत नाहीत. दारावर सांगजिननं मोठ्या अक्षरांत लावलं होतं : खाद्यपदार्थ ठेवल्यास हकालपट्टी.

त्या खेपेच्या चकत्या तिनं यंत्रावर लावल्या, दिवा अगदी मंद केला, आणि आकडा बघून तिला वाटलं तार सुटली असावी. तार जागेवर होती. उजेड जवळजवळ नव्हताच, आणि तरी चकती आजवरच्या कुठल्याही चकतीच्या शंभरपट बोलत होती. तिनं दुसरी लावली, तिसरी लावली. सगळ्या तशाच. चांदीचे जोड तेवढे जरा काळवंडले होते. “काम गलिच्छ आहे,” सांगजिन बघून म्हणाला. आकड्याबद्दल तो काही बोलला नाही. त्याचा चेहराच बोलत होता, आणि यॉन्सुकनं तो मनसोक्त पाहून घेतला.

सरांनी तो आकडा जिथं तिथं सांगितला. निधी देणाऱ्यांचं परीक्षक मंडळ वसंतात यायचं होतं. त्यांच्यासमोर मेंग हे करून दाखवील, असं सर बोलून बसले.

आणि मग ते जमेना. डिसेंबरात नाही, जानेवारीत नाही. ज्यावर ग्राफीन वाढवायचं ते तांबं तेच, तेच ग्राफीन, तेच द्रावण, तोच हात, आणि चकत्या मात्र मुक्या. नोव्हेंबरातल्या चकत्या केव्हाच पिवळ्या पडल्या होत्या, त्यांना पुन्हा तपासायचीही सोय नव्हती. यॉन्सुक वाळत चालली. एका बैठकीत सांगजिन सगळ्यांसमोर उभा राहिला.

“एकदाच येतं, पुन्हा येत नाही, त्याला आपण काय म्हणतो? मी शब्द उच्चारत नाही.”

“उच्चारा,” यॉन्सुक म्हणाली. “जीभ झिजणार नाही.”

“लबाडी,” तो म्हणाला.

सर पेन खालीवर करत बसले होते. ते म्हणाले, मंडळ येईपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर त्यांना हे प्रकरण विद्यापीठाच्या नीती समितीकडे पाठवावं लागेल, त्यांचा नाइलाज आहे. नीती समितीकडे नाव गेलेल्या माणसाला पदवी तर सोडाच, कारखान्यातली जुनी नोकरीही मिळत नाही. कारखान्यात दहा वर्षं तिनं कधी खोटा शेरा मारला नव्हता, आणि हे लोक तिला लबाड ठरवणार होते.

फेब्रुवारीत, चांद्र पंचांगाच्या नव्या वर्षाला, ती हेनामला गेली. वाडवडिलांना ताट दाखवायचं होतं. ताटात किमची होती ती दुकानातली, प्लास्टिकच्या पाकिटातली. आईनं ती वाडग्यात काढून वर तीळ भुरभुरवले होते, जसं काही कुणाला कळणार नाही. दोघींनी त्याचं नाव काढलं नाही. मग आई सूपासाठी लसूण ठेचायला बसली, आणि मधेच बोटातली चांदीची अंगठी काढून पदराला... नाही, पदर तिथं कुठला, झग्याच्या टोकाला पुसू लागली.

“लसूण लागला की काळी पडते मेली,” ती म्हणाली. “तुझ्या बापाची एवढीच वस्तू आणि तीही तोंड काळं करते.”

यॉन्सुक थबकली. लसणात गंधक असतं आणि गंधक चांदीला काळं करतं, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तिच्या चकत्यांचे चांदीचे जोड काळवंडले होते, ते आयोडीननं असतील असं तिनं मानलं होतं. पण गंधक चांदीला धरतं तसंच शिशालाही धरतं. पेरोव्हस्काइटच्या पृष्ठभागावर शिशाच्या मोकळ्या जागा असतात, खड्ड्यांसारख्या. प्रकाशातून निघालेले कण त्यातच पडून मरतात, ग्राफीनपर्यंत पोचतच नाहीत. ते खड्डे कुणी बुजवले तर?

पण फ्रिजमध्ये लसूण आला कुठून? आणि मग तिला अंगणातली ती ओळ आठवली, आणि संध्याकाळी उरलेले दोन डबे उचलून गाडीत टाकणारा सांगजिनही आठवला.

परत आल्यावर तिनं एका बंद डब्यात ठेचलेला लसूण आणि मसाल्यात मुरलेला कोबी ठेवला, वरच्या जाळीवर ताज्या चकत्या. सकाळी चकती यंत्राला लावली, दिवा मंद केला. नोव्हेंबरातला आकडा समोर आला. ती खुर्चीवर बसली आणि थोडी रडली. कुणी बघत नव्हतं, म्हणून रडली.

मग ती सांगजिनकडे गेली. तो ग्राफीनखालचं तांबं विरघळवत होता.

“सरांच्या घरचे दोन डबे फ्रिजमध्ये तुम्ही ठेवलेत.”

त्यानं मान वर केली नाही. “कुठले डबे?”

“दारावर हकालपट्टी लिहायची आणि आत किमची कोंबायची. ताकीदही तुमची, डबेही तुमचे.”

“हळू बोल.”

“मला लबाड म्हणताना तुम्ही हळू बोलला होतात का?”

सांगजिननं चिमटा खाली ठेवला. “सरांनी सांगितलं, घरी जागा नाही, आठवडाभर ठेव. मी काय नाही म्हणणार होतो? माझा प्रबंध सहा वर्षं त्यांच्या टेबलावर आहे. तू आता आलीस. तुला काय कळणार?”

“मग सांगा तसं मंडळाला.”

“मी काही पाहिलं नाही,” तो म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.

ती सरांकडे गेली. सरांनी आकडे पाहिले आणि ते मनापासून खूश झाले, हेही सांगायला हवं. माणूस विज्ञानाला आंधळा नव्हता. त्यांनी तिच्यासाठी स्वतःच्या हातानं जवाचा चहा ओतला.

“उत्तम. आता असं करू. नोव्हेंबरात तू मुद्दाम गंधकाची वाफ दिली होतीस, असं मांड. गुप्तता म्हणून तेव्हा बोलली नाहीस. प्रश्न मिटला.”

“पण मी दिली नव्हती.”

“गंधक होतं ना तिथं? कुणी ठेवलं, हे विज्ञानाला लागत नाही.”

“म्हणजे लबाड नाही हे दाखवायला मी लबाडी करायची.”

“मेंग,” सर समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुला पदवी लागते. आणि मला माझ्या बायकोच्या लोणच्यावर परीक्षकांचे प्रश्न नको आहेत. यात भांडण कुठं आहे?”

ती उठली. चहा तसाच राहिला.

मंडळ आलं. मधे बसलेल्या बाई पिकल्या केसांच्या, तोंडानं फटकळ. त्यांच्या प्रश्नांना घाबरून मोठमोठे प्रोफेसर घाम पुसत. यॉन्सुकनं चकती दाखवली, दिवा मंद करत नेला, खोलीतल्यांना तो दिसेनासा झाला तरी पडद्यावरची रेघ चढतीच राहिली. बाई पुढं सरकून बसल्या.

“छान. हे सुचलं कसं?”

सर तिच्याकडे बघत होते. आता एक वाक्य बोललं की पदवी. यॉन्सुक मंडळाकडे वळली.

“सुचलं नाही. नोव्हेंबरात चकत्यांच्या फ्रिजमध्ये किमची होती. तिच्या लसणाचं हे काम आहे.”

मंडळातले लोक हसले. सरही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. बाई हसल्या नाहीत. “कुणाची किमची?”

यॉन्सुकनं तोंड उघडण्याआधीच मागून सांगजिन उभा राहिला. कमरेत वाकून अगदी अदबीनं तो म्हणाला, “चूक माझी, मॅडम. मुकादम मी आहे, लक्ष ठेवायला हवं होतं. मेंगताईंची आई हेनामहून दरवर्षी किमची पाठवते. खोली लहान, फ्रिज नाही. त्यांनी चकत्यांजवळ ठेवली. लबाडी नाही हो, गावाकडची माणसं, एवढंच.”

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. आई, हेनाम, लहान खोली. कुणालाही पटावं असं ते होतं. सरांनी खिन्नपणे मान हलवली. “किती वेळा सांगतो, खाणं आत आणू नका.” म्हणजे काय होणार, हे यॉन्सुकला लख्ख दिसलं. नियम मोडल्याची एक ताकीद, लबाडीचा डाग साफ, आणि उन्हाळ्यात पदवी. तो हरामखोर तिला वाचवत होता. स्वतःलाही, सरांनाही, एका दगडात सगळ्यांना. तिनं फक्त गप्प बसायचं होतं, आणि खरं सांगायचं तर ती बसलीही असती. त्यानं दुसरं कुणाचंही नाव घ्यायला हवं होतं.

“त्या वर्षी आमच्या घरी किमची झाली नाही,” ती म्हणाली. “आईचं मनगट मोडलं होतं. तिनं मला बोलावलं, मी गेले नाही. मी सरांच्या अंगणात बसून सरांच्या कोबीला मीठ लावत होते. हाही होता, हे मागचे सगळे होते. आईचा कोबी दारात सडला. फ्रिजमधले डबे सरांचे होते, आणि ते यानं आणून ठेवले.”

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्यांनी माना खाली घातल्या, आणि त्या खाली गेलेल्या माना बघून बाईंना दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं नाही.

“चकती पुन्हा लावा,” त्या एवढंच म्हणाल्या.

बाहेर जिन्यात सांगजिननं तिला गाठलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “सगळ्यांची सोय केली होती मी. तुझीसुद्धा. तुला काय मिळालं?”

“माझ्या आईचं नाव तुझ्या तोंडात नको,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं त्याला ‘तू’ म्हटलं, आणि ते त्याला आईच्या नावापेक्षा जास्त लागलं.

मंडळानं लिहून दिलं की आकडा खरा आहे, लबाडी नाही. सरांना एक ताकीद मिळाली, ती त्यांनी खणात ठेवली. मग त्यांनी यॉन्सुकला कळवलं की यापुढं तिला मार्गदर्शन करायला त्यांना वेळ होणार नाही. त्या इमारतीतल्या दुसऱ्या कुणालाही तो झाला नाही. जो आपल्या सरांच्या घरची किमची चव्हाट्यावर आणतो, त्याला घरात कोण घेणार? सहा वर्षं पडून राहिलेला सांगजिनचा प्रबंध त्यानंतरही टेबलावरच पडून राहिला.

यॉन्सुकनं खोली आवरली आणि आईला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं.

“म्हणजे पदवी गेली,” आई म्हणाली.

“सध्या तरी.”

“बावळटच आहेस. म्हणायचं, माझ्या आईची होती. माझं काय बिघडत होतं? चार मोठ्या लोकांत माझ्या किमचीचं नाव झालं असतं.”

“त्या वर्षी तू घातलीच नव्हतीस, आई. मी आले नाही म्हणून.”

“ते लक्षात आहे होय तुझ्या,” आई म्हणाली, आणि तिनं फोन ठेवून दिला.